साक्रीचे दगड, तोरणमाळची वाट आणि बिनसीटची गाडी

दिवस पहिला : धुळे – नेर – साक्री

मामेभावाने सकाळी सहाला छोटा हत्ती दाराशी लावला तेव्हा मी ओट्यावर बसून सिरिंजने ऑइल मोजत होतो. मेडिकलमधून आणलेली वीस मिलीची, सुई नसलेली सिरिंज. माझी गाडी ट्रायल्सची, म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत जायच्या खेळाची, २५० सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. तिच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साडेबारा मिली ऑइल मिसळावं लागतं, म्हणजे ८० ला १. लुनाच्या काळात पंपावर ऑइल मिसळून मिळायचं आणि हात सढळ असायचा, त्यामुळे आजही कुणी मदतीला आलं की बाटली सरळ कॅनमध्ये ओततं. ट्रायल्सची गाडी दिवसभर मंद चालते. ऑइल जास्त झालं की प्लग काळा पडतो आणि ऐन दगडावर चढताना गाडी अडखळते. म्हणून हे काम मी कुणावर सोपवत नाही.

गाडी टेम्पोत का, हे मला दर नाक्यावर विचारतात. हिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, रस्त्यासाठीचं पासिंग नाही. टाकी तीन लिटरसुद्धा नाही. आणि सीट नाही. तुटलं किंवा काढलं असं नव्हे, ही गाडी बसण्यासाठी बनवलेलीच नाही. ती उभ्याने चालवायची. वजन सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या एका पोत्यापेक्षा कमी. रस्त्याच्या मोटारसायकलीला वेग दाखवायचा असतो, हिला तोल दाखवायचा असतो. शर्यतीत दगड, नाला, चढ, ओंडके असा एक टप्पा आखून देतात, त्यातून पाय न टेकवता बाहेर पडायचं. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली, अडली किंवा आखलेल्या वाटेच्या बाहेर गेली की पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. शाळेत आयुष्यभर गुण वाढवायला शिकलेल्या माणसाला हा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागतो.

हा खेळ इंग्लंड-स्कॉटलंडमधला. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासून चालत आली आहे. पुढे स्पेनने तो उचलला. सॅमी मिलर नावाच्या आयरिश चालकाने बार्सिलोनाच्या बुल्टाको कंपनीला हलकी टू-स्ट्रोक शेर्पा घडवून दिली आणि १९६५ साली तिच्यावरून ती स्कॉटिश ट्रायल जिंकली. तोवर तिथे जड फोर-स्ट्रोक इंग्लिश गाड्यांचंच राज्य होतं. आजचा राजा स्पेनचाच टोनी बो, २००७ पासून मैदानी जगज्जेतेपद त्याने सोडलेलं नाही. आपल्याकडे २०१९ साली ट्रायल्स नावाची बुलेट आली होती. दिसायला देखणी, लाल फ्रेमची, उंच सायलेन्सरची. पण वजन पावणेदोनशे किलोच्या वर आणि मुळात ती रस्त्याचीच गाडी. तिच्यामुळे हा शब्द माझ्या कानावर पडला, हे उपकार मात्र आहेतच. माझी गाडी इटलीत बनलेली, तिसऱ्या हाताची. ती आणायला मी तीन वर्षं पैसे साठवले.

फळी लावून गाडी चढवली, पुढच्या दोन्ही फोर्कांना रस्सी ताणून बांधली, वर ताडपत्री टाकली आणि साक्री रस्त्याला लागलो. कुसुंब्याला चहा झाला. नेरच्या पुढे थंडी गाडीत शिरायला लागली. या भागात पांझरेच्या पाण्यावर जुनी फड बागायत होती. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचं, सगळ्या गावाने एका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाण्याची वाटणी गावानेच करायची. त्याच्या खुणा अजून दिसतात.

खान्देश म्हटलं की लोकांना ऊन, केळी आणि काळी सपाट जमीन आठवते. साक्री-नंदुरबारकडे एकदा यावं. इथे सपाट शेतातून मध्येच काळ्या दगडाची भिंत उठते आणि पूर्व-पश्चिम सरळ चालत जाते, कुणी दोरी लावून बांधल्यासारखी. भूगर्भवाले तिला डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला पडलेल्या भेगांत तो खालून घुसला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मऊ दगड झिजून गेला, भेगेतला टणक राहिला. थंड होताना त्याला भिंतीच्या दोन्ही अंगांकडून आत आडव्या चिरा पडल्या, त्यामुळे जवळून पाहिलं तर लाकडाचे ओंडके रचून ठेवल्यासारखे आडवे दगड दिसतात. ज्याच्याकडे ट्रायल्सची गाडी आहे त्याने हे पाहून हात जोडावेत. युरोपात क्लबवाले ट्रकने दगड आणून रचतात. इथे माझ्या आत्याच्या शेताच्या बांधावर ते आयते पडलेत.

आत्या दारातच होती. “कव्हय उना रे भाऊ?” कधी आलास, असं अहिराणीत म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चुलीकडे वळली. तिचा मोठा मुलगा, ज्याला आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो, माझ्याबरोबर बांधावर आला. त्याने आधी बजावलं, हरभऱ्यात चाक जाता कामा नये. मग आम्ही दोघांनी चुन्याची पुडी घेऊन टप्पा आखला. खालची घळ, दोन मोठ्या धोंड्यांमधली वाट, मग कमरेच्या जरा खालपर्यंत येणारी एक पायरी आणि वर सपाटी. सगळं मिळून पंधरा-वीस पावलं. एवढ्याशा जागेत मी पुढचे चार तास काढले.

त्या पायरीबद्दल सांगतो. आधी चालत जाऊन बघायचं. गाडीवर चढण्याआधी पायाने वाट तुडवायची, हा या खेळाचा पहिला धडा. कुठला दगड हलतो, कुठे वाळकं गवत आहे, चाक कुठे लागेल. बेसाल्ट कोरडा असला तर टायर त्याला गोचिडासारखा धरतो, पण वर काळ्या मातीची पिठूळ साय असली की तोच दगड साबण होतो. म्हणून मी चाकं चढवण्याआधी टायरवरचे रबराचे गोटे तळहाताने पुसतो. हवा मागे साडेचार आणि पुढे साडेपाच पीएसआय. पंपावरच्या मीटरचा काटा एवढ्यावर हलतसुद्धा नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा मीटर खिशात ठेवावा लागतो. मागचं टायर ट्यूबलेस आहे, इतकं मऊ की अंगठ्याने दाबलं तर दबतं. दगडाच्या कडेवर ते पसरतं आणि कड गिळून टाकतं.

मग दुसरा गिअर. एका बोटाने क्लच, एका बोटाने ब्रेक, बाकीची बोटं मुठीवर. पायरीच्या वीतभर अलीकडे गुडघे वाकवून गाडी दाबायची, म्हणजे स्प्रिंगा आवळतात. त्या उसळायला लागल्या की त्याच क्षणी रेस देणं, क्लच सोडणं आणि आपण सरळ उभं राहणं. पुढचं चाक हवेतून पायरीवर जातं, मागचं उभ्या कातळाला आपटतं आणि पसरतं. आता घाबरून मूठ पिळली तर संपलं. इथे रेस सोडायची. वर उचलण्याचं काम गुडघ्यांचं. मी इथेच चुकत होतो. पहिल्या दोन वेळा पाच, मग तीन, मग एक, मग पुन्हा पाच. एकच्या वेळी डावा पाय टेकला तो फक्त भीतीने, तोल गेलाच नव्हता. जिभाऊ धोंड्यावर बसून मोठ्याने मोजत होता आणि त्याच्या हिशेबात दया नव्हती.

तीन वाजता पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पुढच्या २१ इंची चाकात ट्यूब असते आणि एवढ्या कमी हवेत ती टायरच्या आत सरकत राहते, त्यामुळे काट्याने एकाची तीन भोकं केली. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात फिरवून तिन्ही शोधली आणि पॅच मारले. हवा भरताना त्याचा हात सवयीने पस्तीसवर गेला. मी साडेपाच म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तेच चाक हाताने दाबून बघितलं. “हाई ते पंक्चरच शे,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने खरंच होतं.

रात्री कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल आणि कांदा. दोन्ही पोटऱ्या दुखत होत्या. उभं राहणं एवढं कष्टाचं असतं हे या गाडीनेच मला शिकवलं.

दिवस दुसरा : साक्री – नंदुरबार – प्रकाशा – शहादा

आज गाडी खाली उतरवली नाही. निजामपूरच्या बाजूने जाताना भामेरचा किल्ला दिसला. गावात शिरायलाच जुनी दगडी वेस आहे, डोंगरात कोरलेल्या खोल्या खालूनही ओळखू येतात. तिथे थांबून पाहिलं, पण चालत. किल्ल्यावर चाक नेण्याचा विचारही कुणी करू नये. मला बरेच जण विचारतात की एवढी चढणारी गाडी आहे तर लळिंगच्या किल्ल्यावर नेऊन दाखव. नाही नेणार. जुन्या पायऱ्या आणि राखीव जंगल या दोन जागा आमच्यासाठी बंद, हे आम्ही चालवणाऱ्यांनीच पाळलं तर खेळ टिकेल.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. रस्त्याच्या कडेने नजर पोचेल तिथवर लाल. बायका तोंडाला रुमाल बांधून मिरच्या उलटत होत्या. मामेभावाला अशी ठसक लागली की त्याने काच वर केली आणि मी स्टिअरिंग घेतलं.

प्रकाशाला तापीवर थोडा वेळ बसलो. गोमाई इथे तापीला मिळते, लोक या जागेला दक्षिण काशी म्हणतात. मग घाटाजवळ उभ्या केलेल्या टेम्पोत चढून मी गाडीचे आरे तपासले, एकेकाला पान्याने हळूच टिचकी मारत. घट्ट आरा टणकन वाजतो, ढिला खोकतो. कालच्या पायरीने मागचे दोन ढिले केले होते. पूजा आटोपलेले एक काका बराच वेळ ऐकत उभे होते, मग म्हणाले, “तबला लावताय का?”

मुक्काम शहाद्याला मित्राकडे. शेवभाजी इतकी तिखट की पाणी पिऊनही जीभ जागी राहिली.

दिवस तिसरा : शहादा – म्हसावद – राणीपूर – तोरणमाळ

म्हसावद सोडलं की समोर सातपुडा उभा राहतो. राणीपूरकडे मित्राच्या ओळखीच्या एका पावरा आदिवासी शेतकऱ्याची जमीन आहे आणि तिच्यातून कोरडा नाला जातो. आधी त्यांच्या अंगणात बसलो, परवानगी घेतली, कुठून कुठवर चालवायची ते ठरवलं. वरच्या अंगाला जंगलाची हद्द लागते, तिकडे जायचं नाही. घरातले म्हातारे बाबा काठी टेकत नाल्यापर्यंत आले.

नाल्यातले दगड डाइकसारखे टोकदार नसतात. पाण्याने घोटलेले गोटे, नारळापासून बैलगाडीच्या चाकाएवढे. इथे चढण्याची कसोटी नसते, मार्ग निवडण्याची असते. चाकाखाली प्रत्येक दगड आपला विचार वेगळा करतो. मी चालत वाट बघत होतो तर बाबांनी काठीने एका मोठ्या चपट्या धोंड्यावर टकटक केली. “हा हालतो,” म्हणाले. मी पाय देऊन पाहिला, जोर लावला, हललाच नाही. मी त्याच्यावरून वाट आखली. गाडीचं पुढचं चाक त्याच्या पलीकडच्या कडेला पोचलं आणि धोंडा तराजूच्या पारड्यासारखा कलला. गाडी एकीकडे, मी एकीकडे. क्लचचा दांडा वाकला. बाबा हसले नाहीत. दर पावसाळ्यात पाणी त्या धोंड्याखालची वाळू काढून नेतं, म्हणून तो मधोमध एका गोट्यावर टेकलाय, एवढं समजावून सांगितलं. त्यानंतर मी सगळी वाट त्यांच्या काठीमागून आखली. तीन टप्पे केले. दोन एकदाही पाय न टेकवता सुटले.

दुपारी मोठी अडचण आली. ही गाडी पाण्याने थंड होणारी आहे, पण चालते माणसाच्या चालीने, त्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही. त्यासाठी मागे छोटा विजेचा पंखा असतो, इंजिन तापलं की आपोआप सुरू होतो. त्याची घरघर इतकी सवयीची होते की बंद पडली तर कानाला कळायला हवी. मला कळली नाही, कारण मी तिसऱ्या टप्प्यात गुंग होतो. रेडिएटरच्या टोपणाजवळून फस्स करून वाफ आली तेव्हा इंजिन बंद केलं.

टोपण गरम असताना उघडायचं नाही, हे नवीन माणसाला सांगून ठेवतो. अर्धा तास सावलीत थांबलो. मग पंख्याची वायर हाताने माग काढत गेलो. टाकीखाली जिथे फ्रेमला घासते तिथे वरचं प्लास्टिक सोलून आतली तार तुटली होती. दोष माझाच. मागच्या महिन्यात टाकी काढली होती तेव्हा वायर बांधणारी क्लिप कापली आणि नवीन लावलीच नाही. तार जोडली तरी पंखा फिरेना, नुसता हुं करायचा. धूळ आणि कुसळं आत जाऊन तो जाम झाला होता.

म्हसावदला परत गेलो. शेतीपंपांचा मुलूख आहे, मोटार वायंडिंगची दुकानं जागोजाग. एका दुकानात पाच अश्वशक्तीच्या सबमर्सिबलची तांब्याची वेटोळी टेबलावर पडली होती आणि तिच्याशेजारी मी माझा तळहाताएवढा पंखा ठेवला. कारागिराने तो कानाशी धरून बोटाने फिरवला. मग खोलला, कार्बनचं ब्रश पेट्रोलने पुसलं, बुशात एक थेंब ऑइल सोडलं, जास्त नाही, आणि बॅटरीला लावला. फिरला. वायरीला नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर नळी चढवली. पैसे विचारले तर म्हणाला, चहाचे द्या. मी त्याला जास्त दिले आणि त्याने ते परत केले. इटलीच्या गाडीचा पंखा म्हसावदला दुरुस्त झाला याचा मला झालेला आनंद कसा सांगू! पार्टसाठी महिना-महिना थांबलोय मी.

संध्याकाळी तोरणमाळ. सात पायरीच्या घाटात टेम्पो पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत होता आणि वळणागणिक हवा गार होत गेली. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची. वर गाडी ताडपत्रीखालीच राहिली. यशवंत तलावाच्या काठी रात्री इतकी थंडी की मी आणि मामेभाऊ दोन गोधड्यांत तीन माणसांसारखे गुरफटून झोपलो.

दिवस चौथा : तोरणमाळ – सारंगखेडा – दोंडाईचा – धुळे

सकाळी तलावावर धुकं होतं, सीताखाईची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. पंधरा मिनिटांत सगळं उघडलं. खाली उतरलो.

मार्गशीर्षात या वाटेने येऊन सारंगखेड्याला न थांबणं शक्य नाही. दत्तजयंतीची यात्रा, एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे पांढरेशुभ्र नुकरे. मला बाजारातले जाणते लोक बघायला आवडतात. ते आधी घोड्याकडे बघतच नाहीत, त्याच्या पायांकडे बघतात. खूर उचलून, सांध्यावर हात फिरवून, मग दात, मग अंगावरचे भोवरे. मग म्हणतात, चालवून दाखव. एक काळा घोडा रवाल चालीत गेला, वरचा स्वार जागचा हलला नाही. पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. मी तिथे उभ्या उभ्या त्या स्वाराचे घोटे आणि गुडघे बघत होतो. घोडं वर-खाली होत होतं आणि ते सगळं त्याच्या गुडघ्यांत जिरत होतं. पहिल्या दिवशी पायरीवर माझं नेमकं हेच होत नव्हतं.

टेम्पोजवळ परत आलो तर ताडपत्री बाजूला करून तीन-चार व्यापारी गाडी न्याहाळत होते. “हाई काय शे रे भो? बठाले जागा कथी शे?” एकाने विचारलं. मी म्हटलं, उभ्याने चालवायची. त्यातले एक पागोटेवाले आजोबा पुढे आले. त्यांनी मागचं टायर अंगठ्याने दाबलं, मग वाकून इंजिनाखालच्या ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटवरचे ओरखडे बघितले, दगडांवर आपटून पडलेले. “पोट घासलंय हिचं,” म्हणाले. “टाच लावायच्या आधी उडवतोस. मागचे पाय गोळा होऊ दे.” मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसते ओरखडे वाचले होते. पायरीच्या फार अलीकडून रेस दिली की चाकाऐवजी ती प्लेट कडेवर बसते, अगदी तसंच होत होतं.

दोंडाईच्याला जेवण, रात्री आठला धुळे.

पाचवा दिवस : अंगणात

घरी आल्यावर गाडी तशीच ठेवणारा माणूस ही गाडी सांभाळू शकत नाही. आधी एअर फिल्टर. स्पंजचा असतो. रॉकेलमध्ये दाबून धुतला तर आधी काळं पाणी निघालं, साक्रीचं, मग भुरकट, नाल्यातलं. साबणाच्या पाण्यातून काढला, सावलीत वाळवला, फिल्टरचं चिकट ऑइल चोळलं, पिळला. पिळताना मुरगळायचा नाही, जोड उसवतो. तो बसतो तिथे कडेला ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे कडेने धूळ आत जात नाही. खान्देशातला फुफाटा पिस्टनचा पहिला वैरी आहे.

मग टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढून टाकलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीला फरक जाणवत नाही, पण पंधरा-पंधरा दिवस उभी राहणाऱ्या गाडीचे जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, त्याने चोंदतात. चेन धुतली. क्लचचा दांडा तापवून सरळ केला, तो किती टिकतो बघू. नवा मागवलाय. वायरीला या वेळी क्लिप लावली, एक नाही, दोन.

शेवटी गाडी अंगणात उभी करून इंजिन बंद ठेवून तिच्यावर उभा राहिलो, पुढचं चाक तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला टेकवून. रोजचा सराव आहे हा. गुडघे वाकवायचे, गाडी दाबायची, आणि थांबायचं. मागचे पाय गोळा होऊ दे.

दुपारी जिभाऊला फोन केला. म्हणाला, हरभऱ्याला पाणी देतोय, बांधावरचा चुना अजून आहे. म्हटलं, पुसू देऊ नको, रविवारी येतो.